जन्मखोलीत आणखी एक

आमची मामी निवृत्त होईपर्यंत बस कंडक्टर होती. गर्दीला ती कधी घाबरली नाही. गर्दीच तिला घाबरायची. निवृत्तीनंतर घरी बसून तिनं मामाला इतकं भंडावून सोडलं की शेवटी त्यानंच हात जोडले. "अगं, कुठंतरी कामाला जा. इथं मी एकटाच प्रवासी आहे!"

मग ती गेली आमच्याच गल्लीच्या टोकाला, नेत्यांच्या जन्मघरात. देशाच्या थोर नेत्यांचा जन्म तिथल्या मागच्या खोलीत झाला होता. घर साधंच, वाकल्याशिवाय आत शिरता येणार नाही असं त्याचं दार. पण सरकारनं त्याचं स्मारक केलं आणि गल्लीचं नशीब फळफळलं. शिंप्यानं मशीन आत सरकवून दारात नेत्यांसारख्या टोप्या टांगल्या. न्हावी नेत्यांसारखा भांग पाडून देऊ लागला. आणि ज्यांनी जन्मात कुणाला पाणी विचारलं नव्हतं, त्या कोपऱ्यावरच्या काकूंनी पाटी लावली: 'पाहुण्यांची घरगुती सोय'.

मामीकडे जन्मखोलीची देखरेख होती. पलंग, त्यावर पांढरीशुभ्र चादर, शेजारी पाळणा आणि भोवती जाड लाल दोरी. खोली एवढीशी आणि माणसं बसभर. मामीनं पहिल्याच दिवशी आवाज लावला.

"पुढे सरका, पुढे सरका! मधे थांबू नका! पलंगाला हात नको, पाळण्याला हात नको. ताई, तुम्हाला वेगळं सांगू का?"

लोक निमूट सरकायचे. एक आजोबा तर चुकून बोलून गेले, "बाई, मला पुढच्या स्टॉपला उतरवा."

स्मारक समितीचे अध्यक्ष मात्र कपाळाला आठ्या घालायचे. ते निवृत्त मुख्याध्यापक. इथं माणसानं डोळे मिटून भारावून उभं राहावं, अशी त्यांची इच्छा.

"मामी, ही बस नव्हे. पवित्र वास्तू आहे."

"पवित्र आहेच हो. पण मागे रांग आहे."

नेत्यांच्या जन्मदिनाला मंत्री येणार होते. अध्यक्षांनी त्यासाठी एक भारी कल्पना काढली. मंत्री जन्मखोलीच्या दाराशी आले की लपवलेल्या स्पीकरमधून तान्ह्या बाळाचा पहिला ट्यांहा ऐकू येणार! लाऊडस्पीकरवाला सकाळपासून तारांशी झटत होता. स्पीकरमधून नुसती खरखर यायची, मधेच कुणी मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यासारखा आवाज. अध्यक्षांना घाम फुटला होता.

मंत्र्यांसाठी घर बंद करण्याआधी मामीनं लोकांची शेवटची तुकडी आत घेतली. त्यात एक सासूबाई होत्या, त्यांचा मुलगा आणि दिवस भरत आलेली सून. या खोलीचं दर्शन घेतलं की नातू थेट देश चालवणार, असं सासूबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. सुनेचा चेहरा सांगत होता की तिला देश नको, एक खुर्ची हवी आहे.

तेवढ्यात सुनेनं लाल दोरी गच्च धरली.

"दोरीला हात नक..." म्हणत मामी वळली. सुनेचा चेहरा पाहून पुढचं अक्षर तिनं गिळलं.

"आई गं!" सून किंचाळली.

मामीनं एक क्षणही घालवला नाही. "सगळे खाली उतरा! गाडी इथंच थांबणार आहे!"

खोली रिकामी होऊ लागली. "यात कुणी डॉक्टर आहे का?" मामीनं विचारलं.

एक सडपातळ गृहस्थ संकोचानं म्हणाले, "मी आहे. पण गुरांचा."

"चालेल!" हे सून स्वतःच ओरडली.

गल्ली मंत्र्यांच्या बंदोबस्तासाठी दोन्ही बाजूंनी बंद. रुग्णवाहिका येणार कुठून? नवऱ्याला हे कळलं तसा तो पांढराफटक पडला आणि पाळण्याला धरून मटकन खाली बसला.

"पाळण्याला हात नको!" मामी सवयीनं ओरडली.

सासूबाई हरखल्या होत्या. "त्याच पलंगावर होऊ दे गं बाई! काय हे भाग्य!"

"भाग्य गेलं खड्ड्यात, माझी कंबर धरा!" सून कळवळली.

सासूबाईंनी कंबर धरली आणि नंतर देशाचं नावही काढलं नाही. मामीनं लाल दोरी सोडली आणि सुनेला पलंगावर निजवलं. कंडक्टरकीत तिनं भांडणं पाहिली होती, पाकीटमार पाहिले होते, चालत्या बसमध्ये जमलेलं लग्नही पाहिलं होतं. एवढं एक राहिलं होतं.

गुरांचे डॉक्टर शांतपणे म्हणाले, "अगदी छान चाललंय. गाय एवढा आरडाओरडा करत नाही, पण..."

"तुम्ही गप्प बसा!" तिघीही एकदम ओरडल्या.

बाहेर वाजतगाजत मंत्री आले. हसतमुख अध्यक्ष पुढे आणि मंत्री मागे, असे ते बंद दारापाशी पोहोचले आणि आतून असा खणखणीत ट्यांहा उठला की गल्लीतली कबुतरं उडाली.

मंत्र्यांचे डोळे पाणावले. "वा! काय जिवंत रेकॉर्डिंग आहे हो!"

अध्यक्षांनी कौतुकानं लाऊडस्पीकरवाल्याकडे पाहिलं. त्याच्या हातात तुटलेली तार होती. त्यानं सावकाश नकारार्थी मान हलवली.

अध्यक्षांनी दार ढकललं, तर मामीनं फटीतून डोकं बाहेर काढलं. "आत जागा नाही!" समोर कोण आहे हे तिला मग दिसलं. "साहेब... मुलगी झालीय."

मंत्री आधी गोंधळले, मग असे खदाखदा हसले की त्यांच्या बरोबरचे अधिकारीही घाबरत घाबरत हसले. त्यांनी आपली गाडी बाळ-बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला दिली आणि स्वतः चालत परत गेले.

अध्यक्षांनी आत पाहिलं. विस्कटलेला पलंग, डागाळलेली चादर, पाळण्याशी बसलेला नवरा. आता हे कडाडणार म्हणून मामीनं पदर खोचला. पण त्यांनी खास इस्त्री केलेला कोट काढला आणि पुढे धरला. "बाळाला गुंडाळा. बाहेर वारं आहे."

त्यानंतर गल्लीत नुसती धमाल उडाली. मुलगी कुठं जन्मली ते पाहायला लोटच्या लोट येऊ लागले. शिंप्यानं टोप्या काढून झबली टांगली. पोटुशा बायका तर इतक्या येऊ लागल्या की समितीला पाटी लावावी लागली: 'येथे प्रसूतीची सोय नाही'. त्या पाटीशेजारी उभं राहून फोटो काढायला वेगळी रांग लागते.

मामीच्या सांगण्यातही फरक पडला. 'या पवित्र खोलीत नेत्यांचा जन्म झाला' एवढं म्हणून ती आधी लोकांना पुढे सरकवायची. आता मधेच थांबते. "त्यांच्या आईचं ते पहिलं बाळंतपण," ती म्हणते. "तिची कंबर कुणी धरली होती, कोण जाणे." तिच्या आग्रहावरून अध्यक्षांनी जुनी माणसं गाठून त्या माउलीचं नाव शोधलं. आता ते नेत्यांच्या नावाच्या वर लिहिलं आहे.

परवा एका प्रवासी बाईंनी अगदी भक्तिभावानं विचारलं, "जन्मले तेव्हा कसे दिसत असतील हो ते?"

अध्यक्ष तिथंच उभे होते. तोंडावर आलेला 'तेजस्वी' हा शब्द त्यांनी आवरला आणि मामीकडे पाहिलं.

"ओले, लाल आणि भयंकर चिडलेले," मामी म्हणाली. "चला, पुढे सरका."