सावर देणार नाही

गेटवेवरून बोट सुटली तेव्हा माझा मुलगा निखिल धक्क्यावर हात हलवत उभा होता. मी दोनदा हात हलवला आणि मग मुद्दाम पाठ फिरवून मांडव्याकडे तोंड करून बसले. "आई, हौस फिटली की फोन कर, न्यायला येतो," असं तो सामान चढवताना म्हणाला होता. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या, साठी उलटलेल्या विधवेने रानाच्या कडेला राहायला जाणं ही त्याच्या मते हौसच. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी खाऱ्या वाऱ्यावर ढकललं.

मुलुंडच्या मैत्रिणींनो, तुम्ही ग्रुपवर विचारून विचारून दमलात. आणि ज्या पोरांपाठी दुबईला, न्यू जर्सीला जाऊन बसल्यात त्याही. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

ही जागा वडिलांच्या वाट्याची, मुरुडच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. दोन खोल्या, पडवी, बाजूला दहा-बारा पोफळी आणि मागे लगेच रान. वडील तरुणपणी मुलुंडच्या कारखान्यात गेले ते गेलेच. "रान बघून पोट भरत नाही," म्हणायचे. खरंय बाबा, पण माझं पोट पेन्शनवर भरतं, मला नुसतं बघू तरी द्या.

मुलुंडला चाळीस वर्षं खिडकीतून समोरच्यांचं ग्रिल दिसायचं आणि एसीच्या डब्यावरची कबुतरं. वसंत आला हे मला भाजीवालीच्या टोपलीतल्या कैऱ्यांवरून कळायचं. इथे माघ सरता सरता घरामागची काटेसावर पानं टाकून नखशिखांत लाल झाली. मुठीएवढी, जाड पाकळ्यांची फुलं. उजाडलं की त्यांतल्या मधावर मैना, कोतवाल, बुलबुल अशी तुटून पडतात की रेशनच्या रांगेतली भांडणं बरी. अंजनीवर जांभळे गुच्छ आले, करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या झाल्या. कुसुंबाची कोवळी पालवी इतकी लाल, की आठवडाभर मी ती फुलंच समजत होते.

आणि भेकर. सावरीची फुलं धप्पकन खाली पडतात, ती खायला झुंजुमुंजू होताना एक फाटक्या कानाचं भेकर, म्हणजे बकरीएवढं हरीण, येतं. मी पडवीत कप हातात धरून बसते, हलत नाही, चहाचं पाणी होतं. एकदा त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि खाणं पुढे चालू ठेवलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एवढी दखल माझी कुणी घेतली नव्हती.

होळीला आठवडा असताना गावातले चार पुरुष आले. पुढे बबनदादा, गावची होळी उभारायचा मान त्यांच्याकडे. त्यांनी सावरीला हळदकुंकू वाहिलं आणि माझ्या हातात नारळ ठेवला. मला वाटलं, झाडाची पूजा झाली, हा प्रसाद. मी तो कपाळाला लावला, सगळ्यांना चहा पाजला. संध्याकाळी त्याच्या वड्या करून शेजारच्या जनाकाकींना नेऊन दिल्या. काकींनी वडी तोंडाजवळ नेली आणि थांबल्या.

"अगो, ह्यो होलीचा नारल व्हता? आनि तू वड्या केल्यास?"

मग कळलं. इथे होळीच्या मधोमध तोडून उभी करतात आणि जाळतात ती सावर. ज्याच्या जागेतली निवडतात, त्याच्या हाती नारळ देतात. "नारल घेतलास म्हंजी सावर दिलीस," काकी म्हणाल्या. म्हणजे शब्द देऊन वर त्याच्या वड्या थापून मोकळी झाले होते.

घरी येऊन रडले, सांगायला लाज कसली. निखिलला फोन केला तर म्हणाला, "एका झाडासाठी गावाशी वैर घेऊ नकोस. एकटी आहेस तू." त्या 'एकटी'ने माझं टाळकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या ओट्यावर बैठक होती. तिथे बायका चढत नाहीत. मी चढले. नवा नारळ बबनदादांपुढे ठेवला आणि म्हणाले, "पद्धत माहीत नसताना घेतला, चूक माझी. सावर देणार नाही. तिच्यावर आख्खं रान जेवतंय. माझी सगळ्यात उंच पोफळ न्या."

"भेकरासाठी होली मोडायची व्हय?" मागून कुणीतरी हसलं.

बबनदादा हसले नाहीत. "ताई, आज्यापास्नं सावरच उभी ऱ्हाते. तुमी चार म्हैने झाले आलाव, आनि आमाला शिकवताव?"

"शिकवत नाही, मागतेय. आणि नाही म्हणालात तर कुऱ्हाडीच्या आड उभी राहीन." नारळाला कुणी हात लावला नाही, मी तो तिथेच ठेवून घरी आले.

पुढचे पाच दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. दूधवाला हाक न मारता पिशवी फाटकाला अडकवून जायचा. घाबरले होते, पण सावरीखाली खुर्ची टाकून बसायचं सोडलं नाही. मधूनमधून एखादं फूल डोक्यावर आपटायचं.

होळीच्या सकाळी कुऱ्हाडीच्या आवाजाने जागी झाले. अनवाणी मागे धावले. सावर उभी होती. घाव पोफळीवर पडत होते. बबनदादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "नारल घेतलाय आमी."

दिवेलागणीला पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन गेले. जनाकाकींखेरीज कुणी सरकून जागा दिली नाही. होळी पेटली आणि बोंबा सुरू झाल्या. एकेकाचं नाव घेऊन, आधी कंजूष वाण्याच्या, मग सरपंचांच्या नावाने. तेवढ्यात बबनदादांचा आवाज चढला, "सावरवाल्या ताईच्या, आनि तिच्या भेकराच्या नावानं..." आणि आख्खा गाव बोंबलला. माझा चेहरा पडला.

काकींनी कोपराने ढोसलं. "तोंड काय पाडतेस? परक्याच्या नावानं कोन बोंबलतो?"

बायांनो, मुलुंडमध्ये मी सगळ्यांची 'निखिलची आई' होते, माझ्याशी सगळे गोड बोलायचे आणि माझ्यावाचून कुणाचं काही अडायचं नाही. इथे माझ्यावर गाव चिडतं, आणि त्या चिडण्यात मला आपल्यातलीच धरतं. आता हेच माझं घर. मी नैवेद्याचं ताट काकींच्या हातात दिलं, पालथा हात तोंडावर ठेवला आणि बबनदादांच्या नावाने अशी बोंब ठोकली की शेजारची दोन कुत्री उठून पळाली.