टोपीखालचे केस

वजन कमी करायच्या ऑपरेशनच्या आधीच आहारतज्ज्ञ बाईंनी मला सांगून ठेवलं होतं. वजन झपाट्याने उतरलं की तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळतात. काही महिने गळतात, मग थांबतात आणि परत येतात. मी मान डोलावली होती. एकशे सोळा किलो वजन, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, साखर कायम चढलेली. त्या वेळी केसांचं कुणाला पडलंय, असं वाटलं होतं.

तिसरा महिना संपत आला तेव्हा एका सकाळी वेणी घालायला बसले आणि कंगव्यात मूठभर गुंता आला. तोवर पंचवीस किलो कमी झाले होते. जुईनगर स्टेशनचा जिना मी कठडा न धरता चढत होते. सोसायटीतल्या बायका थांबवून कौतुक करायच्या आणि बोलता बोलता त्यांची नजर माझ्या भांगाकडे जायची.

घरात सगळे लपवालपवी करत होते. माझी आंघोळ झाली की नवरा गुपचूप बाथरूमच्या जाळीवरचे केस उचलून टाकायचा. सासूबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांचा ऑपरेशनला पहिल्यापासून विरोध होता. त्यांनी माका आणि जास्वंद घालून तेल उकळलं. डोक्याला तेल लावताना हातात आलेले केस त्या पदराखाली सारायच्या. मी स्वतः रोज भांगाजवळच्या उघड्या कातडीवर काजळ चोळत होते.

रबाळ्याच्या एका मसाल्याच्या कारखान्यात मी पॅकिंगची सुपरवायझर आहे. चौदा वर्षं मी एकच गोष्ट बजावत आले होते : टोपी कानांखालपर्यंत ओढा, एकही केस बाहेर नको. चौथ्या महिन्यात एका दुपारी हळदीच्या ट्रेमध्ये लांब केस सापडला. लाइन थांबवली. मॅनेजर खाली आले.

लाइनवर आम्ही अकरा बायका होतो. कमरेपर्यंत केस दोघींचेच, माझे आणि जवळच्या जुन्या गावातून येणाऱ्या एका मावशींचे. मॅनेजरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते मावशींसमोर उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढायला सांगितली. मावशींनी खाली मान घालून टोपीच्या इलॅस्टिकला हात लावला.

केसाचं टोक मेंदीने तांबूस झालेलं होतं. मावशी मेंदी लावत नाहीत, मी लावते. मला ते लगेच दिसलं होतं, तरी मी काही क्षण गप्प राहिले. त्या क्षणांची मला आजही लाज वाटते.

"सर, त्यांना टोपी काढायला लावू नका," मी म्हटलं. "तो केस माझा आहे."

बहुतेक कपडे बदलायच्या खोलीत तो माझ्या कोटाच्या कॉलरला चिकटला असावा. सगळी हळद फेकली. रिपोर्ट मी माझ्याच नावाने लिहिला. संध्याकाळी मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावून समजुतीने सांगितलं, की केस गळायचे थांबेपर्यंत तीन-चार महिने वर ऑफिसात बसा, कुणी काही म्हणणार नाही. माणूस भल्यासाठीच सांगत होता. पण ज्या गुडघ्यांसाठी पोट कापून घेतलं, त्या गुडघ्यांवर आता कुठे मी दिवसभर उभी राहू शकत होते.

"दोन दिवसांची रजा द्या," मी म्हटलं. "आल्यावर रोज आत जाण्याआधी माझी तपासणी करा. परत केस सापडला तर मी स्वतः वर येऊन बसेन."

त्याच संध्याकाळी पार्लरमध्ये गेले आणि मशीन लावायला सांगितलं. पार्लरवालीने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी आरशात तिच्याकडे बघून मान डोलावली. अर्ध्या इंचापेक्षा जास्त काही ठेवलं नाही.

दार सासूबाईंनी उघडलं. बघितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. नवरा असताना बाईने डोकं असं करून घ्यावं, हे त्यांच्या पचनी पडणारं नव्हतं. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुझ्या मनाने केलंस ना?"

"हो, आई."

"मग आता रडायचं नाही. त्या आहारवाल्या बाईंनी काय खायला सांगितलंय, तो कागद आण."

तेव्हा मला कबूल करावं लागलं. प्रोटीनच्या पावडरीने मळमळायचं म्हणून मी ती महिनाभर घेतलीच नव्हती. भाताची पेज चार चमचे प्यायची आणि जेवले म्हणायची. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, तर लोहही कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि सासूबाईंनी माझं खाणं हातात घेतलं. उकडलेलं अंडं, लिंबू पिळून वाफवलेला मासा, मुगाचं घट्ट वरण, चक्का. सगळं छोट्या वाटीतून, दर अडीच तासांनी. मी कामावर असले की त्यांचा फोन यायचा. नको वाटलं तरी मी खात होते, सावकाश, एकेक घास बारीक चावून.

दोन दिवसांनी कामावर गेले. दाराशी चिकट रोलर घेऊन कोट तपासायचं काम मी मावशींनाच दिलं. त्यांची माफी मागितली. त्यांनी माझ्या खांद्यांवरून, पाठीवरून रोलर फिरवला, त्याचा कागद उजेडात धरून बघितला.

"माजे पन गेलेले बालंतपनात," त्या म्हणाल्या. "आले ना परत. जा आत."

केस लगेच थांबले नाहीत. पुढे दोन महिने उशीवर बारीक बारीक तुकडे पडत होते, दाढी केल्यासारखे. काही दिवस धीर सुटायचा, पण भरलेला डबा मी एकदाही परत आणला नाही. सातव्या महिन्यात गळती ओसरली. नवव्यात कपाळाच्या कडेने ताठ, काळी लव उगवली. ती आधी नवऱ्याला दिसली आणि त्याने मला खिडकीजवळ उभं करून फोटो काढला.

लाइनवर माझा केस पुन्हा सापडला नाही. रोलर आता सगळ्यांनाच लागतो, सुपरवायझरला आधी. आज वजन अठ्ठ्याहत्तर आहे. कानांच्या वरच्या बाजूला केस अजून थोडे विरळच आहेत, बाकी डोकं भरलंय. सासूबाई वाढव म्हणतात. मी दर दोन महिन्यांनी जाऊन ते मानेपर्यंत कापून येते.