तळणीचं तेल आणि विमान

लोहगावच्या विमानतळावर बाबांनी विचारलं, "नक्की कशाला चाललीयेस?"

म्हटलं, "तळून झालेल्या तेलापासून विमानाचं इंधन होतं. कुठल्या देशात असं तेल किती मिळेल, ते बघायला."

"म्हणजे परदेशातली भजी बघायला," बाबा म्हणाले, आणि बॅग माझ्या हातात दिली.

मला हसू आलं नाही. जिथे तेल जास्त तिथे कंपनीचा कारखाना, आणि कारखाना तिथे मी, चार वर्षं. पुणं ठरलं नाही, तर धायरीच्या घरात बाबा एकटे. आई गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत.

व्हिएन्नात घरोघरी या तेलासाठी झाकणाची बादली. भरली की द्यायची, रिकामी आणायची. एका आजीबाईंना विचारलं, "याची पुन्हा फोडणी वगैरे?" त्यांनी असं काही पाहिलं, की मी लगेच हवामानावर आले. जेवायला श्निट्झल (मांसाचा तळलेला पसरट तुकडा) होतं. मी बटाटे खाल्ले.

बँकॉकमध्ये केळ्याची भजी झकास. तळायचं तेल असो की गाडीतलं पेट्रोल, तिथे दोन्हीला 'नाम-मान'च म्हणतात. भज्यांच्या हातगाडीवालीने कढईत घाणा सोडला आणि माझी बाही तेलाने माखली. दुभाष्यामार्फत ती म्हणाली, "झालेलं तेल? रोज विकते." आजूबाजूला तशा गाड्याच गाड्या. मी मोजणं सोडून दिलं.

परतल्यावर बुधवार पेठेत एका फरसाणवाल्यांना विचारलं, "अहो, तळून उरलेलं तेल काय करता?"

"उरत नाही."

"म्हणजे टाकता?"

"टाकायला ते काय निर्माल्य आहे? तुम्हाला काही घ्यायचंय, का नुसतीच चौकशी?"

पाव किलो शेव घेतली. चार दुकानं फिरले, तेच उत्तर. आमच्या घरी तरी वेगळं काय? पुऱ्या झाल्या की तळणीचं तेल गाळून बाटलीत, आणि आठवडाभर भाजीची फोडणी त्याचीच. बाबांचा नियम.

रात्री जेवताना सांगितलं, "बाबा, बहुतेक बँकॉक."

"बरं," बाबा म्हणाले, आणि आमटी वाढून घेतली.

सकाळी माझ्या डब्याशेजारी तळणीच्या तेलाची बाटली होती. भाजीला मात्र ताज्या तेलाचा वास.

"हे काय?"

"टाकलं," बाबा पेपरातून म्हणाले. "पुण्यातही मिळतं म्हणून सांग ऑफिसात. एवढ्यावर विमान धावपट्टीच्या टोकाला तरी जाईल ना?"

"जाईल," म्हटलं. भडभडून आलं होतं, पण बाटली लांब धरली. इंधनाच्या तेलात पाण्याचा थेंबही चालत नाही.