पाच सुरांची भाषा

"सूर चुकला. परत म्हण."

भिंतीपलीकडून हे रोज ऐकून माझे कान किटले होते. आणि समोर गेलं की ते बोट! हवेत वर न्यायचं, खाली आणायचं, मध्येच थांबवायचं. कर्जतच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आणि उद्योग काय, तर नवी भाषा बनवायची. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कुणी न सांगितलेलं काम काय ऐटीत करतात!

भाषेला पाच सूर. तोच शब्द चढवला की विनंती, उतरवला की हुकूम. व्याकरणाच्या सात वह्या भरलेल्या. मायेसाठी म्हणे खास तिसरा सूर. "ताई, मराठीत ही सोय नाही," मला ऐकवायचे. "मराठीत जवळ बसून विचारलं तरी भागतं," मी म्हटलं. त्यांचं लक्ष वहीत.

बोलायला दुसरं माणूस हवं, म्हणून बायकोला जुंपलं. वहिनी पळसदरीच्या, शेतकऱ्याघरच्या. आयुष्यभर त्यांचं "हाय" खोडून "आहे" करून झालं होतं, आता हे. भाजी चिरता चिरता बिचाऱ्या सूर घोकायच्या.

मग एकदा त्यांना ताप भरला. मी पेज घेऊन गेले, तर त्या पडल्या पडल्या पाणी मागत होत्या, नवऱ्याच्याच भाषेत. आणि हातात तांब्या धरून हा माणूस म्हणतो, "सूर चुकला. परत म्हण." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तांब्या हिसकावून मीच पाणी पाजलं.

बऱ्या झाल्यावर वहिनी बहिणीकडे पळसदरीला गेल्या, त्या गेल्याच. दोन महिने झाले. मास्तर स्वतः जातील? छे! माझ्या दारात आले. "एवढा निरोप द्या." निरोप तीन शब्दांचा, त्यांच्या भाषेत. घरी ये, असा अर्थ, तिसऱ्या सुरात. माझ्याकडून सहा वेळा म्हणवून घेतला. बोट होतंच. निघाले तेव्हा फाटकापर्यंत सोबत आले, एवढं मात्र खरं.

पळसदरीला वहिनी ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या, तोंडाचा पट्टा सुरू.

"आल्यापासून बोलतेच हाय गं ही," बहीण हसत म्हणाली. "आमाला बोलायला मिळत नाय."

मी निरोप म्हटला. वहिनींचे हात थांबले. डोळे भरले. मग त्यांनी बोट वर केलं, अगदी तसंच.

"सूर चुकला. त्यांना म्हणावं, हितं येऊन सोता बोला. मी आधी पाणी देईन, मग सूर ऐकेन."

परत येऊन मी शब्दन् शब्द सांगितला. पळसदरी इथून एकच स्टेशन. वाटलं, आता तरी हा माणूस पायात चप्पल घालील. वहीवरून मान वर करून मास्तरांनी विचारलं,

"कुठला शब्द चुकला? दुसरा की तिसरा?"