वेगळा मायक्रोमीटर

फोरमननं मायक्रोमीटर माझ्या हातात दिला नाही. बाकावर ठेवला आणि एका बोटानं माझ्याकडे सरकवला. म्हणाला, "हा तुझा. आमच्यातला घ्यायचा नाही."

मी खूश झालो. खरंच सांगतो. रात्रीच्या वर्गात मशीन ड्रॉइंग शिकून घाटकोपरच्या त्या कारखान्यात नवा लागलो होतो, आणि पहिल्याच दिवशी केसाहून बारीक माप घेणारं हत्यार, तेही एकट्याचं! घरी बायकोला फुशारकीनं सांगितलं. माझ्यासारखा खुळा मीच.

मग एकदा घाईत त्यांच्यातला उचलला. माप घेतलं, जागेवर ठेवला. फोरमननं तो फडक्यानं धरला, रॉकेलच्या डब्यात बुडवला, पुसला, पुन्हा बुडवला. सगळ्यांदेखत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिवाशिव कायद्यानं गेली होती म्हणे. पण मी महार, आणि माझा हात लागलेलं लोखंडही धुवावं लागत होतं. कान तापले. बायको गरोदर होती, म्हणून गिळलं.

पुढे पोलादी स्लीव्हचं काम आलं. स्लीव्ह म्हणजे शाफ्टवर, यंत्राच्या फिरत्या दांड्यावर, चढवायची जाड नळी. खिळा नाही, स्क्रू नाही. तिचं भोक शाफ्टपेक्षा किंचित लहान ठेवायचं. गरम तेलात तापवली की भोक फुगतं, तेवढ्यात ती शाफ्टवर सरकवायची. थंड होता होता ती आवळते आणि जन्माची पकड घेते. भोक किती लहान, यातच सगळं. फार लहान ठेवलं तर स्लीव्ह तडकते. कमी ठेवलं तर भार पडताच घसरते. दुसऱ्या कोणाला जमेना, म्हणून तो हिशेब फोरमननं मला दिला. जमला तर ड्रॉइंगच्या टेबलावर कायम करतो म्हणाला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

हिशेब केला, तीन-तीनदा तपासला. पण शाफ्ट मोजणार मी, माझ्या मायक्रोमीटरनं. स्लीव्हच्या भोकाचं माप कॅलिपरनं उचलून मोजणार टर्नर सावंत, त्यांच्यातल्या मायक्रोमीटरनं. माझ्याचा स्क्रू झिजलेला. शून्य जुळवलं तरी पुढे खोटं बोलायचा. फोरमनकडे गेलो. म्हणालो, "साहेब, दोन्ही मापं एकाच मायक्रोमीटरनं घेऊ द्या. तो चुकला तरी दोन्हीकडे सारखाच चुकेल. आपल्याला फक्त फरक पाहिजे."

तो हसला. "म्हणजे तुझं-आमचं एक करायचं? लई शहाणा झालास रे."

स्लीव्ह बसली. गिऱ्हाइकाकडे यंत्र चालू झालं, भार पडला आणि ती घसरली. माझ्या मायक्रोमीटरनं शाफ्ट होता त्याहून जाड दाखवला होता, म्हणून भोक मोठं राहिलं होतं. शाफ्ट खरवडून निघाला. माल परत आला.

फोरमननं सगळ्यांना बाकाभोवती बोलावलं. "माप घेणारा हातच तसला," म्हणाला. "यांना टेबलावर बसवलं की हे असं होतं." मग माझ्याकडे वळला. "सगळ्यांदेखत म्हण, माझा हिशेब चुकला. म्हण आणि राहा. झाडलोटीला माणूस लागतोच."

मी सावंतकडे बघितलं. त्याला सगळं ठाऊक होतं. नळावर गाठून हळूच म्हणाला होता, "माका म्हायत आसा रे. पण माझीय पोरां आसत." आता तो जमिनीकडे बघत होता.

खोटं कशाला सांगू, मी म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं. बायकोचं पोट डोळ्यांपुढे होतं. पण मी म्हटलं असतं तर ते माझ्या एकट्याचं राहिलं नसतं. उद्या आमच्यातला कोणीही ड्रॉइंग शिकून त्या दारात आला असता, तर त्याला माझं नाव सांगून हाकललं असतं. वर म्हणाले असते, "त्यानंच कबूल केलंय की!"

म्हणालो, "हिशेब बरोबर आहे. एका कामाला दोन मायक्रोमीटर तुम्ही दिलेत. ते चुकलं."

"चालता हो."

चालता झालो. बायकोनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "येवढं येकच वाक्य व्हतं. म्हणून टाकायचं व्हतं." आणि तोंड फिरवून पडून राहिली. चुलीवर काही नव्हतं. मुलुंडपर्यंतचे कारखाने पायी धुंडाळले. फोरमन फोरमनला ओळखतो. माझ्याआधी माझी कीर्ती पोचलेली असायची. लाकडाच्या वखारीत ओझी वाहिली. पोरगी झाली, तेव्हा बायकोच्या अंगावर दूध नव्हतं. त्या दिवसांत ते वाक्य मी मनात शंभरदा म्हणून बघितलं. दरवेळी जीभ अडली.

आता कुठल्याही कारखान्याच्या दारात उभा राहिलो की पगार विचारत नाही. आधी जात सांगतो. मग विचारतो, इथं सगळे ज्यानं मोजतात त्यानंच मी मोजणार ना? बहुतेक जण दार दाखवतात. पोरगीची भूक दिसते. तरी वेगळं काढून दिलेलं काहीही मी हातात घेणार नाही. आणि पोरगीलाही घेऊ देणार नाही.