शारदक्कांचे नसलेले सण

पुण्याच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पर्समधून दाराखाली सरकवायची रबरी पाचर काढली आणि उलटसुलट करून पाहिली. "हे कशाला?" त्यांनी विचारलं. "हॉटेलच्या खोलीचं दार उघडं राहावं म्हणून," मी म्हटलं. बायका एकट्या प्रवासात दार बंद राहण्याची काळजी घेतात, त्यामुळे त्यांना माझं उत्तर काही पटलेलं दिसलं नाही. पण पाचर परत मिळाली.

बंद दारांशी माझं जुनं वैर आहे. माझं बालपण बंगळुरूत, एका सरकारी कारखान्याच्या कॉलनीत गेलं. बाबा तिथे इंजिनिअर होते. त्यांचा राग चढला की आधी पट्टा निघायचा आणि मग ते मला अडगळीच्या खोलीत कोंडायचे. निमित्त काहीही चालायचं. गणितातले गुण, सांडलेलं दूध, नाहीतर आईने उलटून दिलेलं उत्तर. हे मी आज इतकं सरळ लिहिते आहे, कारण मी बरीच वर्षं एका समुपदेशक बाईंच्या समोर बसून आधी रडायला आणि मग बोलायला शिकले. शिवाय नवराही असा मिळाला की त्याने आमच्या घरातलं एकही दार कधी माझ्या पाठीमागे लावलं नाही. आता मी झोपते, हसते, माणसांवर विश्वास ठेवते. लिफ्ट तेवढी टाळते.

मग बंगळुरूला पुन्हा का निघाले? तर पुढच्या महिन्यात बाबांची पंचाहत्तरी होती आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद याला मी व्यासपीठावर आमच्या बालपणाविषयी चार शब्द बोलायला हवी होते. मी नाही म्हटलं, कारणही सांगितलं. तो म्हणाला, "ताई, असं काही झालंच नव्हतं. बाबा कडक होते, एवढंच." आईही जाईपर्यंत हेच म्हणत राहिली. घरातली सगळी माणसं एका बाजूला आणि मी एकटी दुसऱ्या बाजूला, असं वर्षानुवर्षं चाललं की आपलंच डोकं फिरलंय की काय असं वाटू लागतं. मला खरोखरच तसं वाटू लागलं होतं. म्हणून मी साक्षीदार शोधायला निघाले. कॉलनीतल्या जुन्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून शेजारच्या शारदक्कांचा पत्ता मिळाला. त्या आता बंगळुरूतच मल्लेश्वरमला मुलाकडे राहतात.

विमान देवनहळ्ळीला, बंगळुरूच्या विमानतळावर उतरलं. शहराकडे जाणाऱ्या बसच्या खिडकीतून मी शेतं शोधत होते, पण दिसले ते प्लॉट विकायचे फलक. या गावची पपनसं प्रसिद्ध. बाबा रविवारी ती आणायचे आणि एकेका फोडीवरची कडू साल काढून माझ्या ताटलीत ठेवायचे. हेही खरं आहे आणि हे आठवलं की माझा गोंधळ आणखी वाढतो.

हॉटेल मल्लेश्वरमलाच घेतलं होतं. मी सामान उचलून जिन्याने निघाले तर काउंटरवरचे गृहस्थ हिंदीत म्हणाले, "मॅडम, लिफ्ट है." मी म्हटलं, "माहीत आहे, तिला आराम करू द्या." त्यांना मराठी कळलं नाही, तरी ते हसले. खोलीत सामान लावेपर्यंत दाराखाली पाचर सरकवून ठेवली, मग कुलूप लावून खाली उतरले आणि कोपऱ्यावरच्या दर्शिनीत (उभ्याने खायचं उपाहारगृह) शिरले. लोण्यात न्हालेला डोसा घेतला. शेजारच्या उंच टेबलाशी उभ्या असलेल्या आजी मला कन्नडमध्ये म्हणाल्या की एकटीला कॉफी जास्त होते, बाय-टू घेऊ या. बाय-टू म्हणजे एक कॉफी दोघांत, दोन पेल्यांत ओतून. अनोळखी माणसाबरोबर अर्धी कॉफी प्यायची ही रीत मला फारच आवडते. आजींनी माझी पार चौकशी केली. माझं मोडकं कन्नड ऐकून "स्वल्प स्वल्प (थोडं थोडं) येतं की" असा शेराही दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी कॉलनी गाठली. रिक्षावाल्या अण्णांनी भलत्याच फाटकाशी सोडलं, तिथून चालत खऱ्या फाटकाशी गेले, तर पहारेकऱ्याने परवानगीशिवाय आत सोडणार नाही म्हणून सांगितलं. मी झाडांच्या आडून दिसणाऱ्या पिवळ्या चाळवजा इमारती पाहिल्या. काहीतरी होईल असं वाटलं होतं, पण नुसती भूक लागली. तशीच परत फिरले. बाजारात शारदक्कांसाठी दोन मोळ (कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं माप) मोगरा घेतला.

शारदक्का दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. वाळून लहानशा झाल्या आहेत, पण आवाज तसाच खणखणीत. त्या मूळच्या निपाणीकडच्या, घरात कन्नड आणि आमच्याशी सीमाभागातलं मराठी. तिकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात.

"वैजू न्हवं? ये की गं आत. ऊटा आयता (जेवलीस का)?"

जेवण झाल्याखेरीज त्यांनी मला तोंड उघडू दिलं नाही. सारू-भात झाला, ताक झालं. मग मला विचारायचं ते विचारवेना. म्हणून मी आडून सुरुवात केली. "अक्का, तुमच्याकडे सण किती असायचे हो. मी आमच्याकडे सगळ्यांना सांगते, कानडी घरांत आठवड्याला एक अरिशिण-कुंकुम (हळदीकुंकू) असतं म्हणून. तुम्ही ताट घेऊन मला न्यायला यायचात."

अक्कांनी मला मधेच थांबवलं. "कुठलं आठवड्याला? आमच्यात वरमहालक्ष्मी आणि गौरी. दोनच की."

"मग बाकीचे?"

"ते तुझे," अक्का म्हणाल्या. "तुमची ती अडगळीची खोली आणि माझा स्वयंपाक, मधे भिंत एकच. तू रडायलीस की मला ऐकू येत होतं. मग मी पदर नीट करून, ताटात कुंकू घालून तुमच्या दारात यायचो नाहीतर काय करायचो? कुंकवाचं ताट घेऊन आलेल्या बाईला दारातून परत लावायचं नाही, हे तुमच्यात पण आहे. तुझ्या बाबाला कानडी सण कुठले माहीत? मी सांगेन तो हब्ब (सण). एकदा नावच सुचेना, तर हूविन हब्ब म्हटलो. फुलांचा सण. असं काही नसतंय."

मला तो दिवस आठवला. कुलूप निघालं होतं, आईने माझं तोंड धुतलं होतं आणि अक्कांनी मला त्यांच्या ओट्यापाशी बसवून शेवंतीचा गजरा करायला लावला होता. संध्याकाळपर्यंत. मी तो सण खरा मानून पुण्यात माझ्या मुलींनाही सांगितला होता.

मी रडले. आणि मग, खोटं कशाला सांगू, मला राग आला. "तुम्हाला माहीत होतं, मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलो की. तुझ्या आईला. ती हात जोडून म्हणाली, अक्का, बोलू नका, मग जास्त होतं. आमच्या यजमानांना (नवऱ्याला) सांगितलो, तर ते तुझ्या बाबाच्या हाताखाली. भ्यालो आम्ही." त्यांनी माझा हात धरला. "तेवढं कमीच पडलं माझं. पण जेवढं सुचलं तेवढे सण केलो."

माझा राग लगेच गेला नाही, अजूनही थोडा आहे. पण अंगावरचं मोठं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. मी खोटी नव्हते, वेडी तर मुळीच नव्हते. निघताना अक्कांनी रीतीप्रमाणे मला कुंकू लावलं आणि मी त्यांच्या पाया पडले.

परतीच्या विमानाला वेळ होता. देवनहळ्ळीच्या विमानतळावर बसले असताना मिलिंदचा फोन आला. पत्रिका छापायची होती, वक्त्यांत माझं नाव घालू का, असं तो विचारत होता.

"नको घालूस. मी येणार नाही."

"ताई, परत तेच? अगं, असं काही झालंच नव्हतं."

अक्कांचं नाव माझ्या ओठांवर होतं. सगळं सांगून त्याला गप्प करता आलं असतं. पण साक्षीदार मला माझ्यासाठी हवा होता आणि तो मिळाला होता. मी आवाज न चढवता म्हटलं, "झालं होतं, मिलिंद."

तो नेहमीसारखा वाद घालेल म्हणून मी थांबले.

"त्या खोलीत दिवा होता," तो शेवटी म्हणाला. "बटण बाहेर होतं. बाबा मला सांगून ठेवायचे, हात लावायचा नाही."

"तू लहान होतास रे," मी म्हटलं.

विमानात बसायची घोषणा झाली, रांग लागली, ती पुढे सरकू लागली. फोन मात्र आमच्यापैकी कुणीही ठेवत नव्हतं.