निवडुंगातली हरळी आणि माझा झोपाळा

निवडुंगाला पाणी फारसं लागत नाही, खत लागत नाही, माणूस तर मुळीच लागत नाही. तरी त्याच्यापायी माझा झोपाळा जायची वेळ आली.

झोपाळा म्हणजे माझं अंगणातलं माहेरच! सरावलीच्या आमच्या घरापुढे, चिकूच्या सावलीत. दुपारी जेवून आडवं झालं की समुद्राकडून खारा वारा येतो, कडी कुरकुरते, आणि डोळे मिटता मिटता समोर निवडुंगाचा वाफा दिसतो. आमच्या नानांनी (म्हणजे ह्यांनी!) रिटायर झाल्यावर खडी-रेती टाकून केलेला, वर पावसासाठी पत्रा. अर्धवट झोपेत ते सगळे निवडुंग मला पांढरी दाढी वाढवून कीर्तनाला बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे वाटतात. कधी कधी डोलतातसुद्धा. (देवाशप्पथ!)

त्यातला एक गोल गरगरीत. बी पेरून अकरा वर्षं वाढवलेला, नाव गोट्या. त्याला यंदा पहिल्यांदा कळी आली, आणि नेमकी यंदाच वाफ्यात हरळी घुसली.

नाना नाशिकला भावाकडच्या गणपतीला निघाले होते. (माझे गुडघे प्रवासाला नाही म्हणतात.) दारात पिशवी खाली ठेवून म्हणाले, "ही हरळी तुझ्या झोपाळ्याखालच्या मऊ मातीतून येते."

"बरं, मग?"

"मी येईपर्यंत मुळासकट निघाली नाही, तर झोपाळा मागे मोरीपाशी. इथे मी खडी टाकणार."

"मोरीपाशी! काढूनच दाखवते, बघाल!"

कैनाड गावची भाजीवाली सुकरी आली, तिला वाफा दाखवला. ती उकिडवी बसली, एक काडी ओढली. काडी तुटली, मूळ खालीच. "खडी उचलाय लागंल बाई, मुळं हुडकाय लागंल. दोन दिस जातील."

दोन दिवस! म्हणजे माझ्या दोन दुपारच्या झोपा! म्हटलं, विचार करते. आणि विचार करायला झोपाळ्यावर आडवी झाले.

वारा छान सुटला होता. डोळा लागतो न लागतो, तर पायाशी कुणीतरी बसलंय. बघते तर साक्षात गणपती! मंद झोका घेतायत, आणि सोंड लांब करून वाफ्यातलं हिरवं हिरवं चाखतायत. दचकून उठले. अगं बाई! हरळी म्हणजेच दूर्वा की! उद्यावर चतुर्थी, आणि गल्लीतल्या बायका दूर्वा शोधत वणवण फिरतायत!

शेजारच्या हंसाबेनच्या घरी दहा दिवसांचा गणपती. तिला कुंपणावरूनच हाक मारली, "दूर्वा पाहिजेत का? फुकट! सगळ्या न्या!"

सकाळी अख्खी गल्ली परड्या घेऊन वाफ्यात.

"ओ मा, काटो वाग्यो!"

"माई, चिमटा आहे का चिमटा?"

मी चिमटा दिला, चहा दिला. "मुळासकट उपटा गं," म्हटलं.

"छे हो माई! देवाला मुळं कशी वाहायची? तीन पानांचा कोवळा शेंडाच लागतो."

म्हटलं, असू दे. वाफा कसा न्हाव्याकडून आल्यासारखा दिसत होता. मी दुपारी निवांत झोपले. स्वप्नात झोपाळ्याच्या चारही कड्यांना मोगरा.

बायका रोज येत, रोज शेंडे खुडत. पाचव्या दिवशी सुकरी आली आणि तोंडाला पदर लावून हसतच सुटली.

"शेंडा खुडला का गवत खालनं दाटतं, बाई! तुम्ही काढलं नाय, पिकवलं!"

खरंच! निवडुंग गळ्यापर्यंत बुडालेले. म्हाताऱ्यांना हिरव्या दुलया पांघरल्यासारखं! मी खुरपं घेऊन धावले, तर मागून हंसाबेनची किंकाळी.

"माई! बाप्पाच्या दूर्वांवर खुरपं? मी हजार दूर्वांचा नवस बोललेय, मुलीच्या लग्नासाठी! विसर्जनापर्यंत हात नाय लावायचा!"

आता मुलीच्या लग्नाच्या आड मी येऊ? खुरपं खाली ठेवलं. डोकं शांत व्हावं म्हणून जरा आडवी झाले.

नवव्या दिवशी नाना आले. पिशवी हातातच. "माझा वाफा कुठाय?" हिरव्यातून चाचपडत, बोटं टोचून घेत त्यांनी गोट्या शोधला. त्याच्या डोक्यावर नुसता देठ.

"फूल आलं होतं?"

"आलं होतं?" मी विचारलं. (मी झोपलेली!)

संध्याकाळी हंसाबेनकडे आरतीला गेलो. बाप्पाच्या मुकुटावर हे एवढं पिवळं फूल, रेशमासारखं झळकत होतं!

"नाना, तुमच्याच वाफ्यातलं," हंसाबेन डोळे पुसत म्हणाली. "आज सकाळी हजारावी दूर्वा खुडताना दिसलं. असं फूल देवालाच शोभतं, नाय?"

नानांनी फुलाकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हात जोडले. आरतीला एवढ्या मोठ्यांदा टाळ्या वाजवलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी झोपाळा मोरीपाशी गेला. मी मग रोज दुपारी पाटावर बसून, खडी उचलून, एकेक मूळ ओढायला लागले. वाफा पुरता साफ झाला, फक्त गोट्याच्या बाजूचा कोपरा उरला. नाना पाघळले. "उद्या झोपाळा परत पुढे आणतो," म्हणाले.

त्या आनंदात शेवटचा कोपरा खुरपताना समुद्रावरून वारा आला. तोच, झोपेचा! म्हातारे डोलायला लागले. मीही डोलले. आणि डोलता डोलता पाटावरून हळूच मागे कलंडले.

गोट्या मागेच होता.

हंसाबेन चिमटा घेऊन धावत आली. काटे कुठे रुतले ते विचारू नका. झोपाळा मात्र दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे पुढे आला, आणि मी आठवडाभर त्याच्याशेजारी उभी राहून त्याला झोके देत होते!